एक ते चार

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज रुजू झाले. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी पहिली नोकरी. इतिहास घेऊन बी.ए. झाले तेव्हाच करायची होती, पण सासरी ते चालणारं नव्हतं. कसब्यातलं हे वस्तुसंग्रहालय म्हणजे जिना चढून एक लांब दालन आणि खिडकीपाशी माझं टेबल. माझं. त्याच्या खणाला किल्लीसुद्धा आहे, ही वही तिथेच राहील.

वाडे पाडून इमारती झाल्या, फ्लॅटमध्ये जागा उरली नाही, तेव्हा पेठेतल्या लोकांनी घरातल्या जुन्या वस्तू इथे आणून दिल्या. बंब, पगड्या, धान्य मोजायच्या पायल्या, कुणा सुईणीचं पितळी घंगाळं. धूळ भरपूर. दिवसभर फडकं मारलं आणि चक्क गुणगुणले. कार्यवाह केदार आयटीत आहे, सुट्टीच्या दिवशी येतो. म्हणाला, मॅडम, लोड घेऊ नका, दिवसाला चार माणसं आली तरी आम्ही पार्टी करतो.

टोकाच्या कपाटात आमच्या रावसाहेबांची काठी आहे. नवऱ्याला घरीदारी सगळे रावसाहेबच म्हणत, मीसुद्धा. ते गेल्यावर तेरावा झाला आणि दुसऱ्याच दिवशी मी ती इथे आणून दिली होती. आता काचेच्या आत काठी, बाहेर मी. असंच बरं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

माझ्याआधी इथे बसणाऱ्या शर्मिलाबाई किल्ल्या द्यायला आल्या होत्या. त्यांचं एकच पालुपद. एक ते चार बंद. एक वाजला की कुलूप लावून खाली उतरायचं, डबासुद्धा आत बसून खायचा नाही. कारण विचारलं तर म्हणाल्या, पहिल्यापासून तसंच आहे. पुण्यात याला कारण म्हणतात.

एक ते चार मला कुणी शिकवू नये. रावसाहेबांची दुपारची झोप. चाळीस वर्षं त्या वेळात आमच्या घरात कुकरची शिट्टी झाली नाही. मी बांगड्या कोपरापर्यंत वर सारून वावरायचे. चारला काठी जमिनीवर दोनदा आपटली की चहा. नावाने हाक कधीच नाही. कुणाशी ओळख करून द्यायची झाली तर 'ही आमची', बस्स. पंखा आमचा, कपाट आमचं, ही आमची.

दारावरची 'एक ते चार बंद' पाटी काढून माळ्यावर टाकली. उद्यापासून दुपारीही उघडं.

सोमवार, १० फेब्रुवारी

लोकांना लाज नाही. रविवारी एक कुटुंब आलं, मी पाठमोरी असताना कपाट उघडून पगडी घातली, फोटो काढले, वर मला विचारतात, काकू, ही विकत मिळेल का. डोकं मिळत असेल तर आधी ते घ्या, असं सांगितलं.

रात्री पाटी रंगवली, सकाळी दारात लावली. 'वस्तूंना फक्त मालकांनी हात लावावा. इतरांनी डोळ्यांनी पाहावे, ते फुकट आहे.' कपाटांना नवी कुलपंही घातली. केदारने फोटो मागवून पाटी गावभर पाठवली. म्हणाला, मॅडम, तुम्ही सुपरहिट.

बुधवार, १२ फेब्रुवारी

दुपारी दोनच्या सुमारास एक नऊवारीतल्या बाई आल्या. मान वर करून पाहते तर त्यांचा हात काचेच्या आत, सुईणीच्या घंगाळ्यावर. कपाटाला कुलूप तसंच. पाटी वाचता येत नाही का, म्हणून ओरडले. त्या शांतपणे म्हणाल्या, अहो, वाचूनच आले. माझंच आहे ते. घंगाळं काखेत मारून जिना उतरल्या. मी मागोमाग धावले. गल्लीत कुणी नाही. खालच्या वह्यांच्या दुकानदाराने जिन्यावरून कुणाला येताना-जाताना पाहिलेलं नाही.

केदारने फोनवर हळूच विचारलं, डोळा लागला होता का. मला. दुपारी. फोन आपटला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

पगडी गेली. न्यायला आलेल्या गृहस्थांच्या डोक्याला ती नेमकी बसली. जाताना मला नमस्कार करून म्हणाले, आपले उपकार आहेत, आजवर दुपारी कुणी दार उघडं ठेवलं नव्हतं.

शर्मिलाबाईंना फोन केला. पाटी काढलीत ना, एवढंच विचारलं त्यांनी. मग म्हणाल्या, ज्यांच्या वस्तू आहेत ते रोज एकला दाराशी येतात. बंद दिसलं की परत जातात. मेलेली असली तरी पेठेतलीच माणसं, वेळ पाळतात. तुम्ही दार उघडलंत, वर बोलावणं लावलंत.

आधी का नाही सांगितलं, विचारलं. म्हणाल्या, तुम्ही ऐकलं असतंत?

सोमवार, १७ फेब्रुवारी

पायली गेली. बंब गेला. सगळे आपापलं घेऊन जातात. सभ्य आहेत, दुसऱ्याच्या वस्तूकडे पाहतही नाहीत.

म्हणजे रावसाहेबही येणार.

जुनी पाटी माळ्यावरून काढून पुसली. दारापर्यंत नेली आणि परत आणली. त्यांच्यासाठी चाळीस वर्षं दारं लोटून घेतली, आता नाही. येऊ देत. काठी घ्यावी आणि जावं. त्याआधी मला जे बोलायचं आहे ते उभ्याने ऐकावं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

काठी कपाटात नाही. मी समोरच बसले होते, कुणी आलेलं दिसलं नाही.

चारला दालनाच्या टोकाकडून दोन ठोके. आणि मी उठले. कुणी उठवलं नाही, पाय आपोआप उठले. भान आलं तेव्हा कोपऱ्यातल्या शेगडीवर आधण ठेवलेलं, बांगड्या कोपरापर्यंत सारलेल्या —

त्यांचा राग नाही आला. माझ्या पायांचा आला.

बुधवार, १९ फेब्रुवारी

काठी मिळाली तरी गेलेले नाहीत. बाकीचे सगळे गेले. काठीबरोबर दिलेला त्यांचा पानाचा डबाही त्याच कपाटात होता, तोही घेतलाय. आणखी काय राहिलंय त्यांचं इथे —

आज उठले नाही. खुर्ची घट्ट धरून बसले. ठोके थांबले ते अंधार पडल्यावर.

गुरुवार, २० फेब्रुवारी

यायचं नव्हतं. नोकरी माझी आहे, टेबल माझं आहे, म्हणून आले. एकच्या आत जुनी पाटी लावायची ठरवून — दार लोटायला गेले तर रावसाहेब आधीच आत. झोपेतून उठल्यासारखे.

टेबलाशी परत आले. लिहीत राहिले की पाय उठत नाहीत. बोलायचं सगळं पाठ केलं होतं. तोंड उघडतंय, आवाज —

काठी नाही आपटत आज. दारातली पाटी वाचतायत. चष्मा नसताना वाचायचे तशी, ओठ हलवत. फक्त मालकांनी —

हसले.

काठी भिंतीला टेकवली. डबा खाली ठेवला. हात मोकळे केले.

कपाटांकडे पाहत नाहीत. सरळ इकडे —

मी वस्तू नाही. लिहून ठेवते, मी इथे कामाला आहे, मी कुणाचीही —

खांद्यावर हात. म्हणतायत, ही आम