रेखाचा दुसरा फोन

मंगळवार, संध्याकाळची आरती झाल्यावर

सुटले बाई एकदाची! बायकांना काम मिळवून देणाऱ्या आमच्या संस्थेत नव्या कार्यकर्त्यांचा वर्ग या वेळी मी आखला होता. मी, मॅट्रिक! दरवेळी दोन दिवस भाषणं होतात आणि नंतर कारखान्यात फोन कोणीच करत नाही, म्हणून मीच म्हटलं होतं, वर्गातच फोन लावू द्या. काय बोलायचं ते कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहूनही दिलं. ते पान! इतकं लांब कशाला लिहिलं मी?

वर्गातल्या रेखाने पोलोग्राउंडच्या कारखान्यांतल्या एका पॅकिंगवाल्याला फोन लावला आणि पान वाचायला लागली. संस्थेचा उद्देश संपायच्या आत त्याने फोन ठेवला. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. गजानना, वाटलं, आता संस्थेच्या ताई पुन्हा भाषणंच सुरू करतील.

रेखाने पान पालथं घातलं. "काकू, रागावू नका, पण भाजीवाल्याशी असं बोलतो का आपण?" आणि पुन्हा त्यालाच फोन लावला, आपल्या बाजारातल्या हिंदीत. "भिया, पॅकिंग के लिए बाई चाहिए क्या?"

"दो भेज दो, कल दस बजे।"

वर्गात एकच गलका! संस्थेच्या ताईसुद्धा हसल्या. "काकू, उद्या सगळ्याच फोन लावतील हं."

त्या पानापायी तीन दुपारी गेल्या, त्याचं लागलं मनाला. थोडंसंच. उद्याच्या वर्गातलं माझं अर्ध्या तासाचं बोलणंही आत्ताच खोडून टाकलं.