झाकणावरची जागा

पौष, मंगळवार, दिवेलागण

धान्यावर पाय ठेवून झोपायचं म्हणे! कालेज शिकून मधूले एवढंच आलं. मिल्ट्रीची जुनी जीप लिलावात घेतली, तेव्हापासून माझा हा लेक तिच्या मागच्या जागेत पेट्या ठोकून राहिला. शिवरात्रीले पचमढीच्या महादेवाले जायचं आहे. पेटीत तांदूळ, डाळ, स्टोव्ह, अन् वरच्या झाकणावर गादी. मी म्हटलं, "काहून गा, अन्नाले लाथ लागते ना?" तर म्हणतो, "मधात गादी आहे ना, आई." गादीनं पाप अडते काय?

मग मी त्या झाकणावर आडवी झाले अन् सुनेले म्हटलं, "शांता, पेटीतली चहापत्ती काढ वं."

"आत्याबाई, आधी उठा तर."

"उठत नाही. गुडघे दुखतात."

तेव्हा कुठं मधूचं डोकं चाललं. आता झाकणाले खिळे ठोकतो अन् पेटीले मागून दार करतो म्हणे. धान्य उशाकडे, स्टोव्ह पायाकडे. हे बरं.

पण आडवी झाले म्हणूनच दिसलं, त्या झाकणावर दोघंच मावतात. मी कुठं झोपू, विचारलं, तर मधू पाना घेऊन जीपखाली शिरला. शांता म्हणते, "आत्याबाई, गाय कोण पाहीन?" काहून, मी माहेरी गेले तेव्हा शेजारणीनं नाही पाहिली? अन् महादेवाचं नाव आधी काढलं कोणी? मीच ना?

उद्या चहाच्या वेळी विचारीन, मले नेता का नाही. जवाब मधूनं द्यायचा. शांतानं मधात बोलायचं नाही.