कुबातचा कोबा

२ डिसेंबर
कुबात नव्या घराचा कोबा "सुकला" म्हणतो. सुकलं असेल त्याचं डोकं! पण माझ्यासारख्या कॉलेज अर्ध्यात सोडलेल्या मजुराला कोण विचारतंय?
या घरात बुरुल नवरी होऊन येणार. माझी बुरुल— माझी कधी होती म्हणा.

३ डिसेंबर
ओल तपासायला कोब्यावर प्लास्टिक टाकून कुबातनं कडेनं टेप मारली होती. आज उचललं. आतून कोरडं! नाचला नुसता. "बघा, इंजिनियरसाहेब!"
अरे गाढवा, घरात तोंडातून वाफ निघतेय. नारिनच्या डोंगरातल्या या थंडीत कोबा गारठलाय, आतलं पाणी हलणार कसं? ओल गेलेली नाही, दबा धरून बसलीय. खालच्या नळ्यांत गरम पाणी सोड, मग बघ कशी वर येते!
"बॉयलर पेटवून बघ," म्हणालो.
"कोळसा तुझा बाप देणार?"
मर मग.

४ डिसेंबर
रविवारी लाकडी फळ्या ठोकणार. त्यावर भिंतीशी बुरुलच्या तोशोकांची छतापर्यंत थप्पी. ती पाळण्यात असल्यापासून तिची आई त्या गाद्या शिवतेय. लग्नात बॉयलर पेटणार, फळ्या फुगणार, गाद्यांना बुरशी. गाव थुंकेल कुबातवर. छान! मी तोंड उघडत नाही.

५ डिसेंबर
गाद्या कुबातच्या नाहीत. त्या म्हातारीच्या आहेत. च्यायला!

६ डिसेंबर
बोललो. जेवताना, सगळ्यांदेखत.
कुबात शोरब्यात रोटी बुडवत हसला— "जळतोयस, दुसरं काय!"
त्याचा काका म्हणे, "पोरगी हातची गेली की सगळंच ओलं दिसतं, बाळा. चहा घे."
वाडगा भिरकावला मी. त्याच्या डोक्यावर बसायला हवा होता.

७ डिसेंबर
कुबात फळ्या आणायला बिश्केकला. मी बॉयलर पेटवला. नवं प्लास्टिक चिकटवलं.

८ डिसेंबर
बुरुलला बोलावलं. कुबातही आला, फळ्या घेऊन, शिव्या देत. मी सरळ प्लास्टिक उचललं— थेंबच थेंब! खालचा कोबा काळाकुट्ट!
तिनं तळवा टेकवला. ओला हात कुबातच्या कोटाला पुसला. "यावर माझ्या आईच्या गाद्या रचणार होतास?"
त्याचं थोबाड! जिंकलो!!

१० डिसेंबर
लग्न मोडलं नाही. कोबा सुकेपर्यंत पुढे ढकललंय. बुरुल स्वतः सांगायला आली.
"तोवर बॉयलर तूच सांभाळ ना, दादा. कुबातच्या हातात दिला तर तो कोळसाच वाचवत बसेल."
दादा!
आत्ताच कोळसा टाकून आलो.