दोन्हीकडचा पाहुणचार

२ नोव्हेंबर १९६२

रशियन आले. सरकारी बंगला माझ्या ताब्यात, म्हणून जबाबदारी माझी. बाहेर सांगायचं – शेतकी तज्ज्ञ. उद्या मागच्या बंगलीत अमेरिकन उतरणार. दिल्लीच्या साहेबांनी बजावलं, "मल्हारराव, एकाला दुसऱ्याचा पत्ता लागला तर दोघेही हात काढून घेतील."

चीनकडून मार खाल्लेलं सरकार दोन दारांत शस्त्रं मागतंय – चोरून. लाज वाटते. पण नावं कुठल्या तोंडाने ठेवू? माझा धाकटा भाऊ गुंडो सरहद्दीवर आहे, जुनाट बंदूक घेऊन. कोणाचीही येवोत, शस्त्रं लवकर येवोत.

३ नोव्हेंबर

अमेरिकन आले. स्वैपाकी जयतीर्थ दोन्हीकडे वाढतो. घाबरून सारात मीठच विसरला.

गुंडोचं पत्र नाही.

५ नोव्हेंबर

दोघेही गेले. सुटलो!

सुटलो कसला. निघताना माझ्या बायकोने, कावेरीने, दोन्हीकडे तांबूल पाठवला – विडा, नारळ, एकाच कापडाच्या पिवळ्या पिशव्यांत. आपल्याकडे पाहुणा रिकाम्या हाताने जात नाही. मलाही काही वावगं वाटलं नाही. अमेरिकनांचं विमान खोळंबलं, तेवढ्यात रशियन विमानतळावर पोचले. दोघांच्या हातात तीच पिशवी! ड्रायव्हर सांगतो, आधी पिशव्यांकडे पाहिलं, मग एकमेकांकडे.

कावेरीला नको तेवढं बोललो. ती म्हणाली, "अहो, एकाला द्यायचं, एकाला नाही, असं कसं? पंक्तीत भेद करतात का?" तिला मी काही सांगितलंच नव्हतं. तिचा काय दोष!

६ नोव्हेंबर

साहेबांनी फैलावर घेतलं. नोकरी जाणार. जावो. पण माझ्या घरच्या नारळापायी गुंडोला बंदूक मिळाली नाही तर? घास उतरत नाही.

८ नोव्हेंबर

साहेब हसत आले. दोघांनीही आधीपेक्षा जास्त देऊ केलंय – दुसरा पुढे जाईल या धास्तीने. म्हणाले, "आम्हाला जे जमलं नाही ते तुमच्या मिसेसनी केलं." घरी येऊन कावेरीला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "सरी, बरं झालं. आता स्वल्प जेवा तरी." मला रडूच आलं.

१० नोव्हेंबर

परवा आणखी पाहुणे. कुठले, ते साहेब सांगेनात. मग दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाले – पेकिंगचे.

"तुमचा भाऊ सरहद्दीवर आहे, हे त्यांच्यासमोर बोलू नका."