परदेशी नगरपालिकेस जळकोटकरांचे निवेदन

जळकोट, शनिवार

चि. श्रीशैल यास (आणि नियोजित वैष्णव मंदिर समितीचे अध्यक्ष झाल्यामुळे आता श्री. श्रीशैलराव साहेबांस), मामा अमरनाथचे अनेक आशीर्वाद आणि साष्टांग नमस्कार. दोन्हींतलं पदाला शोभेल ते ठेवून घेणे. इकडे सर्व क्षेम आहे. माझा गुडघा गेल्या वर्षी जिथं दुखत होता तिथंच दुखतो. कॅनडात बर्फ किती पडला, सूनबाई पुनमचा खोकला गेला का, आणि तुझी आई, आमची पार्वतीअक्का, पोटभर जेवते का, ते कळवणे.

तुझा रागाचा फोन पोचला. मी तुझ्या देवळाचं वाटोळं केलं, असं तू सगळ्या आळीला ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगितलंस. अध्यक्षांपुढे काय बोलणार? पण घडलं ते क्रमाने लिहितो. तीन महिन्यांपूर्वी तूच कळवलंस की अक्का दिवसभर खिडकीत बसून असते, तिला जायला ठिकाण नाही, म्हणून तुम्ही दहा-बारा घरं मिळून देऊळ बांधताय. (तुमच्यातले तेलुगू लोक बालाजी म्हणतात, आपले विठ्ठल म्हणतात, म्हणून कागदावर नुसतं 'वैष्णव मंदिर'. आपलं घर पिढ्यान्‌पिढ्या महादेवाचं, अक्काचे सोमवार चाळीस वर्षांचे, तुझं नाव श्रीशैल! पण बहुमतापुढे महादेवाचं तरी काय चालणार?) शेजाऱ्यांनी गोंगाटाची हरकत घेतली, नगरपालिकेनं सुनावणी ठेवली, आणि परवानगी नाकारली तर जागा हातची जाणार, असं तू लिहिलंस. देऊळवाले शेजारी म्हणून कसे असतात, हे सांगणारी शंभर पत्रं गावाकडून हवीत, हा तुझाच हुकूम.

आता तहसीलसमोर चौतीस वर्षं अर्ज लिहिणाऱ्या माणसाकडे तू पत्रं मागितलीस, ही चूक माझी की तुझी? मी तडक ताहेरभाईच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. त्याच्या कॉम्प्युटरात निवेदनाचा एक पक्का नमुना आहे. नाली असो, पीकविमा असो, बदली झालेला मास्तर परत हवा असो, विषय तेवढा बदलायचा, खाली सह्या घ्यायच्या. शेवटच्या ओळीवर मी जरा अडलो होतो, खोटं कशाला सांगू. तर ताहेरभाई म्हणाला, "अमरनाथभाई, ती ओळ तर लागतेच की. तिच्याबगर सायेब लोक कागद हातात तरी धरतेत का?" मला पटलं. चौतीस वर्षांत त्या ओळीशिवाय एक अर्ज मी लिहिलेला नाही. मग ताहेरभाईनं फोनवरून सगळ्याचं इंग्रजी करून घेतलं, आणि एकशे बारा पत्रं तुमच्या नगरपालिकेला रवाना झाली. प्रत्येकाच्या शेवटी हेच: आठ दिवसांत मागणी मान्य न झाल्यास आपल्या कार्यालयासमोर आमरण उपोषणास बसू व होणाऱ्या परिणामांस सर्वस्वी आपण जबाबदार राहाल. (प्रतिलिपी: पोलीस निरीक्षक.)

आता तिकडच्या लोकांनी ते खरंच मानलं, याला मी काय करू? एकशे बारा माणसं उपाशी मरायला विमानानं येणार म्हणून त्यांनी तुझ्या दारात पोलीस पाठवले, सोबत एक डॉक्टरीणबाई. किती मायाळू सरकार! इकडे उपोषणाला बसलेल्याला दोन दिवस कुत्रं विचारत नाही, तिसऱ्या दिवशी लिंबूपाणी घेऊन पुढारी येतो आणि फोटो काढून जातो.

शिवाय लोकांनी सह्या करताना आपापली कामंही घालून दिली, ते मला नंतर कळलं. जगदेवीबाईनं देवळाच्या पाठिंब्याखाली आपल्या घरासमोरच्या नालीचं लिहून दिलं होतं. आणि श्रीशैल, तुमच्या नगरपालिकेनं तिला उत्तर पाठवलं! अर्ज पोचल्यावर अकराव्या दिवशी! आपली नाली आमच्या हद्दीत येत नाही याचं आम्हाला वाईट वाटतं, असं. बाईनं सतरा वर्षं अर्ज दिले, आजवर कुणालाही वाईट वाटलेलं नव्हतं. ते पत्र लॅमिनेट करून तिनं देवघराच्या भिंतीला लावलंय, अन् येईल त्याला दाखवत असते.

एक पत्र मात्र आमच्या नमुन्यातलं नव्हतं. निवृत्त मुख्याध्यापक साहेबरावांचं घर आपल्या गावातल्या बालाजीच्या देवळाला लागून आहे. त्यांनी स्वतःच्या हातानं चार ओळी लिहिल्या: मी बौद्ध आहे, त्या देवळात जात नाही. माझी मुलगी पंचशीला बारावीला होती तेव्हा एकदा सांगितलं, त्यांनी भोंगा आतल्या बाजूला वळवला, तो अजून तसाच आहे. शेजारी चांगले आहेत. त्या चार ओळींमुळेच सुनावणी रद्द न करता पुढच्या महिन्यात ढकलली, असं तू शेवटी, आवाज बसल्यावर, सांगितलंस. तेव्हा आता नवी पत्रं साहेबराव लिहून घेतील. मी फक्त पाकिटं चिकटवीन.

तुझा (अजूनही)
मामा अमरनाथ

ता. क. : ताहेरभाईच्या दुकानात तुमच्या नगरपालिकेचा पत्ता मागायला रांग लागते. रागावू नकोस. पहिली तेवीस निवेदनं कालच गेली.

ता. क. दुसरा : परवा तू कामावर गेल्यावर अक्काचा फोन आला होता. देऊळ कधी होणार हे ती रोज विचारते, असं तू कौतुकानं सांगतोस, ते खरं आहे. का विचारते, ते तू विचारलं नाहीस. मी विचारलं. ती म्हणाली, "अमऱ्या, माझ्यासाठी एवढं देऊळ बांधल्यावर, मला गावाकडं जायचंय म्हनायला मला तोंड ऱ्हाईल का रे?" देऊळ खुशाल बांध, परवानगी मिळेल तुला. पण त्याआधी तिचं तिकीट काढ. तिला विचारत बसू नकोस. विचारलंस तर ती म्हणेल, मी मजेत आहे.