सतरा नंबरची घागर

खडकवस्ती, ता. कळंब
१२ एप्रिल १९८७

तीर्थस्वरूप मामांच्या पायाशी जावई महारुद्रचा दंडवत.

तुमचा गुडघा कसा आहे? सासूबाईंची ढास थांबली का? (भूमला धूळ फार. त्यांनी नाकाला पदर लावूनच अंगण झाडावं, हे मी लग्नापासून सांगतोय.) इकडं विहीर आटली, पाठोपाठ म्हैस आटली, बाकी सगळं ठीक आहे. सौ. शिवकांता हवापालटासाठी तुमच्याकडं आली आहे हे तुम्हाला ठाऊकच असेल, कारण ती तुमच्या ओसरीवर बसलेली असेल. असल्या दुष्काळात हवापालटाला भूमला कोणी जात नाही, हेही एव्हाना तुमच्या ध्यानात आलं असेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचे चिरंजीव श्रीमंतराव यांनी मस्कतहून आपल्या बहिणीला टीव्हीवरचा खेळ धाडला, तिथून हे सुरू झालं. एक काळा डबा, त्याला एक दांडी आणि एक लाल बटण. आमच्या घरात टीव्ही नाही. (भावाच्या मायेला टीव्ही लागत नाही, हे मला मान्य आहे.) वस्तीतला एकमेव टीव्ही दूध सोसायटीच्या हापिसात, म्हणून डबाही तिथंच गेला आणि आठ दिवस संचालक मंडळानं पडद्यावर मोटारी पळवल्या. चेअरमन धोंडीबांनी एकाच सभेत चौदा वेळा मोटार कठड्यावर घातली आणि मग हा खेळ शेतकऱ्यांच्या हिताचा नसल्याचा ठराव मांडला.

मी पडलो विज्ञानाचा मास्तर, त्यात पोस्टानं केलेला रेडिओ दुरुस्तीचा कोर्स. मला त्या डब्यात खेळ दिसेना, काँप्युटर दिसायला लागला. आता काँप्युटरला माणसाचं बोलणं कळत नाही, त्याला नुसते आकडे कळतात, मध्ये एक दुभाषी लागतो. असा दुभाषी, म्हणजे एक अख्खी भाषा, मी सात महिने बसून तयार केली आणि तिला नाव दिलं 'हुकूम'. तिच्यात 'मोज' लिहिलं की डबा मोजतो, 'मिसळ' लिहिलं की आकडे पत्त्यांसारखे पिसतो, 'दाखव' लिहिलं की पडद्यावर दाखवतो. पुण्याच्या एका दोस्तानं ती एका चिपमध्ये भरून दिली आणि मोटारींच्या कॅसेटमधली चिप काढून मी तिथं ही डाग देऊन बसवली. (मोटारी कायमच्या गेल्या. धोंडीबा दोन दिवस सोसायटीत फिरकले नाहीत.)

अडचण एवढीच की डब्याला अक्षरांची बटणं नाहीत. पडद्यावर सगळी बाराखडी मांडायची, दांडीनं एक चौकोन सरकवत हव्या त्या अक्षरावर न्यायचा आणि लाल बटण दाबायचं. 'हुकूम'मध्ये लिहिलेल्या बत्तीस ओळी डब्यात घालायला दोन तास लागतात आणि लाइट गेली की डबा सगळं विसरतो. म्हणून मी दांडी हलवायची आणि शिवकांतानं वहीतून एकेक अक्षर सांगायचं, अशी आमची पद्धत. वही तिच्याच हातची आहे, कारण माझं अक्षर मला लागत नाही. एकदा एका सकाळी तीनदा लाइट गेली आणि तिनं तीनदा पहिल्यापासून वाचलं.

आता टँकर. वस्तीत एकतीस घरं. पहिल्या घागरीला नितळ पाणी, शेवटच्या घागरीला गाळ, म्हणून रोज नंबरासाठी भांडणं. आधी तांब्यात चिठ्ठ्या टाकायचो. पण धोंडीबांची चिठ्ठी जाड कागदाची असते, बोटाला लगेच लागते, असं शेजारच्या रुद्रम्मानं भर रांगेत सांगितलं आणि चिठ्ठ्या बंद पडल्या. तेव्हा मी उभा राहून बोललो की यंत्राला सोयरे नसतात, घरांचे नंबर डब्यालाच काढू द्या. सोसायटीनं महिनाभरासाठी तसा ठराव केला. पहिल्या दिवशी पडद्यावर पहिला नंबर आला सतरा. सतरा म्हणजे आमचं घर. लोक हसले, मीही हसलो. दुसऱ्या दिवशी सतरा. तिसऱ्या दिवशी सतरा आला तेव्हा मी एकटाच हसलो.

धोंडीबा म्हणाले, "मास्तर, भावानं धाडलेला डबा हाय. त्यो बहिणीला सोडून दुसऱ्याला कशापायी पाणी दील?" हे सगळ्यांना एकदम पटलं. (इतकं पटलं की रुद्रम्मानं लातूरच्या भावाला डबा धाडायचं पत्र टाकलं. तो बँडमध्ये आहे.) शिवकांतानं चार दिवस आपला नंबर रुद्रम्माला दिला. तो घेऊनही रुद्रम्माचे टोमणे थांबले नाहीत. पाचव्या दिवशी शिवकांता मला सोसायटीत सगळ्यांसमोर म्हणाली, "अवं, ह्यो डबा रोज एकाच कुशीवर उठतो, म्हणून रोज त्येच आकडं काढतो. आधी कुणालातरी बटण दाबाया सांगा. ते दाबंपर्यंत त्याला मोजू द्या, आन् जितकं मोजलं तिथनं पुढं मिसळा." मी म्हणालो, तुला काय कळतंय यातलं, तू वही वाच. तिनं वही मिटली, पिशवीत घातली आणि भूमची एसटी धरली. बाकी विशेष काही नाही. सासूबाईंना नमस्कार सांगावा.

आपला,
महारुद्र

ता. क. तिच्या निळ्या पिशवीत ती वही आहे. सवडीनं कंडक्टरजवळ दिलीत तरी पोचेल. जुन्या बत्तीस ओळी मला पाठ झाल्यात, पण शेवटच्या पानावर तिनं काही नव्या ओळी लिहून ठेवल्या होत्या, त्या मी वाचल्या नव्हत्या.

ता. क. २. तिचं बरोबर होतं. डबा रोज एकाच कुशीवर उठतो. तिनं सांगितलं तसं करायचा मी तीनदा प्रयत्न केला. काल डब्यानं पहिला नंबर छत्तीस काढला. घरं एकतीस. धोंडीबा छत्तिसावं घर कोणाचं ते विचारत फिरतायत. ठराव रद्द करायला कोरम लागतो आणि कोरम टँकरच्या रांगेत असतो, म्हणून आज परत जुन्या ओळी घातल्या. हे तिला वाचून दाखवलंत तर बरं. मला तोंडानं जमणार नाही.

ता. क. ३. आज पुन्हा सतरा आला. टँकरचं पाणी सुटलं आणि सतरा नंबरची घागर धरायला कोणीच नव्हतं. मी धरली. निम्मं पाणी पँटवर गेलं, बायका पोट धरून हसल्या. शेवटी रुद्रम्मानंच घागर सावरली आणि म्हणाली, "शिवकांताला आणा मास्तर. डबा वाट बघतोय तिची." डब्याचं मला ठाऊक नाही, मी बघतोय. तिला सोमवारच्या गाडीत बसवून द्यावं. वही तिथंच राहिली तरी चालेल.