भट्टीच्या जागेवरची हिरवळ

मी, श्रीमती प्रेमिला नागसेन टेंभुर्णे, वय अडुसष्ट, निवृत्त लिपिक, राहणार प्रताप नगर, नागपूर, शुद्धीत असताना आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. अक्षर हलले असेल तर ते आजारामुळे नाही. आज सकाळी मी कोंबड्या हिरवळीवर मोकळ्या सोडल्या आणि हिरवळ टिकली! म्हणून हे काम आजच करते. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मुलगा अंकुश याला अंगण दिलेले नव्हते.

१. कारण लिहिणे भाग आहे. ही हिरवळ माझे पती दिवंगत नागसेन यांनी लावली. उन्हाळ्यात कूलरच्या टाकीत उरलेले पाणीसुद्धा ते तिलाच घालत. ते गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला अंगणात मंडप घातला होता. पाहुण्यांच्या डोळ्यांत धूर जाऊ नये म्हणून अंकुशने स्वयंपाकाची भट्टी मंडपापासून दूर, हिरवळीच्या मधोमध लावायला सांगितली. भाताचे उकळते पाणीही आचाऱ्याने तिथेच ओतले. मी आत बायकांमध्ये बसले होते. बाहेर आले तेव्हा जमीन विटेसारखी भाजलेली होती. मी अंकुशला काही बोलले नाही आणि तोही त्याबद्दल कधी बोलला नाही. नंतर माळ्याकडून नवीन गवत लावले, त्याची मुळे हुमणीने खाल्ली. तेव्हा अंकुश म्हणाला, "आई, सिमेंटचे गट्टू टाकून घेऊ. गाडी तरी उभी राहील." आधीचे मृत्युपत्र मी त्याच आठवड्यात लिहिले.

२. कोंबड्या माझे दीर रामाजी यांनी कुहीहून टोपलीत आणल्या.

"वहिनी, अंकुश ड्युटीवर गेला का घरात तुमच्यासंग बोलाले कोनी नाही. ह्या बोलतील."

"अंगणाची वाट लावतील त्या."

"आता काय राहिलं त्या अंगणाचं?"

कोंबड्यांनी खरोखर सगळे उकरले. मी काठी घेऊन धावले, तर लाल कोंबडीच्या चोचीत हुमणीची जाडजूड अळी होती. मी काठी ठेवून दिली. जुन्या खिडकीच्या जाळीचा बिनतळाचा पिंजरा करून घेतला आणि रोज तो नव्या जागी सरकवू लागले. आत कोंबड्या उकरत, अळ्या खात, खत टाकत. भट्टीच्या जागेवर पिंजरा सर्वांत जास्त ठेवला. मग तिथे शेणखत मिसळून हरळीच्या काड्या लावल्या आणि मुळे धरेपर्यंत कोंबड्यांना दूर ठेवले. नागसेन गेल्यापासून सकाळी उठावेसे वाटत नव्हते. आता चहाच्या आधी मी अंगणात असते.

३. आज अंकुशने गट्टूवाल्या मिस्त्रीला माप घ्यायला बोलावले होते. मी त्यांच्यासमोरच पिंजऱ्याचे दार उघडले.

"आई, काय करून राहिली? सारं उकरून टाकतील ना!"

"उकरू दे. पाहू."

पाच जणी निघाल्या. पाय मारले, चोची मारल्या. गवत दबले आणि पुन्हा उभे राहिले. मी इतक्या मोठ्याने हसले की मिस्त्री दचकला. लाल कोंबडी मधोमध जाऊन बसली. अंकुशने चपला काढल्या, तिच्याजवळ गेला आणि गवतावर हात ठेवला.

"इथंच होती ना भट्टी?"

"हो, इथंच."

तो उठून मिस्त्रीकडे गेला. म्हणाला, "भाऊ, राहू द्या. माप नका घेऊ."

४. म्हणून व्यवस्था अशी. घर मुलगा अंकुश आणि मुलगी भावना यांना अर्धे अर्धे. बँकेतील ठेव आणि माझ्या बांगड्या भावनाला. अंगण, पिंजरा, तसेच नागसेन यांची गवत कापायची कात्री आणि खुरपे अंकुशला. तिथे गट्टू टाकू नयेत, अशी अट मी लिहिणार होते. आता ती लिहीत नाही.

५. कोंबड्या अंकुशकडे राहतील. त्या म्हाताऱ्या होऊन मराव्यात, त्यांचा रस्सा करू नये. हे कलम दीर रामाजी यांना उद्देशून आहे. ते साक्षीदार असल्यामुळे त्यांना या मृत्युपत्रातून काही मिळणार नाही, अंडेसुद्धा नाही. हे वाचून दाखवल्यावर ते म्हणाले, "मंग सही कायले करू वहिनी?" आणि सही केली.

६. माझे पुण्यानुमोदन याच अंगणात करावे. मंडप घालू नये. स्वयंपाकाची भट्टी मागच्या गल्लीत, खाली पत्रा टाकून लावावी. ती जागा अंकुशनेच दाखवावी, त्याला आता कळते. पाहुण्यांनी चपला फाटकाशी काढून गवतावर बसावे. त्या दिवशी कोंबड्या कोंडू नयेत.

वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

प्रेमिला नागसेन टेंभुर्णे

साक्षीदार:
१. रामाजी धोंडबा टेंभुर्णे, कुही
२. वेदिका मुकुंद देशकर, शेजारी, प्रताप नगर

नागपूर, रविवार, १४ सप्टेंबर २०२५